खुर्ची कशासाठी? उपमहापौर सदानंद फुलझेले यांच्या वाटचालीवरून काही प्रश्न

मंत्रालयात महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. एखाद्या शहराच्या नावापुढे 'अनुसूचित जाती' अशी चिठ्ठी येते आणि आपल्या वस्त्यांमध्ये फटाके फुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या पार्श्वभूमीवरचे अभिनंदनाचे फलक फिरू लागतात. नगराध्यक्षपदाच्या सोडतीलाही हेच घडते. या आनंदात काही चूक नाही. ज्या समाजाला शतकानुशतके सार्वजनिक पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्या समाजाचा माणूस शहराचा प्रथम नागरिक होणार असेल तर आनंद व्हायलाच हवा. प्रश्न त्यानंतरचा आहे. ही खुर्ची नेमके काय करू शकते? आणि अडीच वर्षांनी ती गेली की मागे काय उरते?

यवतमाळ जिल्ह्यात महानगरपालिका नाही. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा अशा आपल्या नगर परिषदा आहेत. तरीही मी एका महापालिकेतल्या माणसाबद्दल लिहिणार आहे, कारण आंबेडकरी माणसाने शहराच्या खुर्चीचा उपयोग कसा करावा याचे विदर्भातले सर्वात मोठे उदाहरण तिथेच आहे. ते महापौरही नव्हते, उपमहापौर होते. त्यांचे नाव सदानंद फुलझेले.

१५ ऑक्टोबर १९५६

आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख पाठ आहे. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, सकाळी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ते प्रदीर्घ भाषण केले, हेही पुष्कळांना माहीत असते. पण त्याच दिवशी नागपूर महानगरपालिकेने बाबासाहेबांचा नागरी सत्कार केला, ही गोष्ट आपण ओझरती सांगून पुढे जातो. तो सत्कार घडवून आणण्यात पुढाकार होता उपमहापौर सदानंद फुलझेले यांचा. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती. धम्मदीक्षा सोहळ्याच्या तयारीतही ते होते.

आता या घटनेकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहा. आदल्या दिवशी एका माणसाने हिंदू धर्माचा जाहीर त्याग केला आहे. लाखो लोक त्याच्या मागे गेले आहेत. शहरातला सवर्ण समाज अस्वस्थ आहे. अशा वेळी शहराची निवडून आलेली संस्था, म्हणजे कायद्याने सगळ्या नागरिकांच्या वतीने बोलणारी संस्था, त्याच माणसाला मानपत्र देते. हा सत्कार आपल्या वस्तीतला नव्हता, आपल्या मंडळाचाही नव्हता. तो नागपूर शहराचा होता. धर्मांतराला 'एका जातीचा प्रकार' म्हणून कोपऱ्यात ढकलू पाहणाऱ्यांना शहराच्याच मोहरेने दिलेले ते उत्तर होते.

आणि वेळेचे भान पाहा. त्यानंतर ५२ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हटले असते तर नागपूर शहराच्या वतीने बाबासाहेबांना कधीच काही म्हणता आले नसते.

उपमहापौरपदाला कायद्याने अधिकार किती? जवळजवळ नाहीत. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते, अधिकाऱ्यांची बदली तो करू शकत नाही. पण त्या खुर्चीकडे एक गोष्ट होती, शहराच्या नावाने बोलण्याचा मान. फुलझेले यांनी तो मान स्वतःच्या हारतुऱ्यांसाठी खर्च केला नाही. चळवळीच्या सर्वात मोठ्या दिवशी तो चळवळीच्या कामी लावला.

पदानंतरची पन्नास वर्षे

राजकीय कारकीर्द म्हटले की आपल्याला चढती शिडी दिसते. नगरसेवक, महापौर, आमदार, मंत्री. या मोजपट्टीने पाहिले तर फुलझेले यांच्याबद्दल सांगण्यासारखे एका ओळीत संपेल. पण त्यांची खरी कारकीर्द उपमहापौरपद सुटल्यानंतरची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक समितीचे सचिव म्हणून त्यांनी दीक्षाभूमीसाठी अनेक दशके काम केले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, पुढे दादासाहेब गवई अशा नेतृत्वाच्या काळात समितीचे रोजचे काम, कागदपत्रे, पाठपुरावा ही न दिसणारी बाजू त्यांनी सांभाळली. १९६४ मध्ये तिथे महाविद्यालय सुरू झाले. वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीपासून उद्घाटनापर्यंत २३ वर्षे गेली. या काळात राज्यात किती मुख्यमंत्री झाले ते मोजा, नागपुरात किती महापौर झाले तेही मोजा. त्यांतल्या किती जणांची नावे आज नागपूरकर सांगू शकतील?

मार्च २०२० मध्ये वयाच्या नव्वदीनंतर फुलझेले गेले. लोकांनी त्यांना ओळखले ते दीक्षाभूमीमुळे. 'माजी उपमहापौर' ही ओळख त्यांच्या नावामागे लागत राहिली, पण तिला अर्थ आला तो नंतरच्या कामामुळे. स्मारक समितीच्या कारभाराबद्दल चळवळीत मतभेद होते आणि आजही आहेत. ते असावेत, जाब विचारला जावा. पण संस्था उभी राहिली म्हणून जाब विचारता येतो.

याच काळात मुंबईतही एक घटना घडली. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका जिंकली आणि १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. त्याही आधी, १९४५ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते एन. शिवराज मद्रासचे महापौर झाले होते. तेव्हा महापौरपदाला अनुसूचित जातींचे आरक्षण नव्हते. ही माणसे चळवळीच्या आणि आघाडीच्या राजकारणाच्या बळावर त्या खुर्चीपर्यंत गेली. म्हणजे आपला माणूस महापौर होणे ही १९९२ नंतरची देणगी आहे, असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

महाडचा धडा

खुर्ची आणि सत्ता यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर आणखी मागे, महाडला जावे लागते. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सुधारक माणूस त्या नगरपालिकेचा अध्यक्ष होता. ठराव झाला, अध्यक्ष आपल्या बाजूचा होता. पाणी मिळाले का? नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठराव मागे घेतला. शेवटचा निकाल उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये आला.

म्हणजे खुर्ची मिळाली, ठराव झाला, तरी मागे चळवळ नसेल तर कागद कागदच राहतो. आणि चळवळ असली तरी सभागृहातले बहुमत सवर्णांच्या मर्जीवर असेल तर झालेला ठरावही रद्द होतो. ही दोन्ही वाक्ये आजच्या प्रत्येक नगर परिषदेच्या दारावर लिहून ठेवण्यासारखी आहेत.

घटनेने काय दिले, सरकारने काय ठेवून घेतले

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. कलम २४३-टी ने अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना नगरपालिकांमध्ये राखीव जागा दिल्या. अध्यक्षपदाच्या आरक्षणाची वाट मोकळी केली. हा हक्क आहे, कुणाचा उपकार नाही. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी मागितली होती. स्थानिक संस्था म्हणजे गावातल्या बलदंड जातींची संस्था, हे त्यांनी ओळखले होते. साठ वर्षांनी ती मागणी घटनेत आली.

पण त्याच घटनादुरुस्तीत कलम २४३-डब्ल्यू आहे. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. नगररचना, पाणीपुरवठा, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, दुर्बल घटकांचे हित. हे विषय नगरपालिकांना 'द्यावेच लागतील' असे घटना म्हणत नाही. राज्य विधिमंडळ ते देऊ शकेल, असे म्हणते. आरक्षण बंधनकारक, अधिकार ऐच्छिक! खुर्चीवर कोण बसणार हे घटनेने ठरवले आणि त्या खुर्चीत किती जीव ठेवायचा हे राज्य सरकारवर सोडले.

परिणाम समोर आहे. महाराष्ट्रात महापालिकेचा कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतो. आयुक्त सरकार नेमते, सरकार बदलते. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, फिती कापतो. त्याची मुदत अडीच वर्षे. त्यातले सहा महिने कामकाज समजून घेण्यात आणि शेवटचे सहा महिने पुढच्या सोडतीच्या चर्चेत जातात. नगर परिषदेचा नगराध्यक्ष थेट निवडून आला तर त्याला पाच वर्षे आणि महापौरापेक्षा थोडे अधिक अधिकार मिळतात, पण अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडेच असते आणि ठराव तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे. पैशाचे तर बोलायलाच नको. जकात गेली, एलबीटी गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता शहराने मुंबईकडे हात पसरायचा आणि अनुदानाची वाट पाहायची.

आपल्या यवतमाळचेच घ्या. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसले ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. वस्तीतल्या बाया रात्री टँकरची वाट पाहत जागत होत्या. लोक नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडत होते. पण शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. ज्याला आपण निवडून देतो त्याच्या हातात नळ नाही, आणि ज्याच्या हातात नळ आहे त्याला आपण निवडून देत नाही. उद्या राखीव जागेवरून आपली एखादी ताई नगराध्यक्ष झाली तरी पाण्याच्या शिव्या तिला आणि निर्णय दुसऱ्याचा. वर पुन्हा ऐकायला मिळेल, 'बघा, आरक्षणातून आले की असेच होते!'

हा डाव ओळखा. अधिकार नसलेली खुर्ची द्यायची, मग काम झाले नाही म्हणून त्या समाजाची लायकी काढायची.

बिल्बाओचा महापौर

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण देतो. स्पेनमध्ये बास्क नावाचा प्रदेश आहे. वेगळी भाषा, वेगळी अस्मिता. फ्रँकोच्या हुकूमशाहीत त्यांची भाषा दडपली गेली. तिथल्या बिल्बाओ शहरात १९८० च्या दशकात पोलाद आणि जहाजबांधणीचे कारखाने बंद पडले, बेकारी वाढली. १९९९ मध्ये इन्याकी अस्कुना हा पेशाने डॉक्टर असलेला माणूस बिल्बाओचा महापौर झाला. मार्च २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या पदावर होता. चार निवडणुका, सलग पंधरा वर्षे. २०१२ चा जागतिक महापौर पुरस्कार त्याला मिळाला.

त्या शहराचे पुनरुज्जीवन एकट्या अस्कुनाने केले असे मी म्हणत नाही. गुगेनहाइम संग्रहालय त्याच्या आधीच, १९९७ मध्ये उघडले होते. मुद्दा वेगळा आहे. स्पेनमध्येही महापौर लोक थेट निवडत नाहीत, नगरसेवकच निवडतात. मग फरक कशात? तिथला महापौर शहराच्या कारभाराचा खरा प्रमुख असतो. त्याची मुदत चार वर्षांची असते. लोकांना काम आवडले तर तो पुन्हा येऊ शकतो, नाही आवडले तर घरी जातो. शिवाय बास्क प्रांत आपले कर स्वतः गोळा करतात.

आपल्याकडे वाद कशावर होतो? नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून. २००१ ला थेट, नंतर बदल, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ ला पुन्हा थेट. ज्या पक्षाला जे सोयीचे ते. अधिकार किती द्यायचे यावर मात्र सगळ्या पक्षांचे एकमत आहे. द्यायचे नाहीत!

चिठ्ठीचा कैदी

आता आपल्या बाजूचा अवघड प्रश्न. अनुसूचित जातीचा महापौर फिरत्या आरक्षणाने येतो. अडीच वर्षांनी चिठ्ठी बदलली की तो गेला. त्याने चांगले काम केले म्हणून त्याला परत आणण्याची संधी मतदाराला नाही. पुढच्या वेळी खुल्या जागेवर त्याला तिकीट देणारा पक्ष शोधून सापडणार नाही. म्हणजे त्याची कारकीर्द सुरू होते त्याच दिवशी तिचा शेवट ठरलेला असतो.

शिवाय त्याला निवडतो कोण? सभागृहात बहुमत असलेला पक्ष. पक्षाकडे राखीव प्रभागातून आलेले चार-पाच नगरसेवक असतात. त्यांतला सर्वात कमी बोलणारा, सर्वात लवकर मान डोलावणारा निवडला जातो. पुणे करारानंतर राखीव जागांचे काय होईल हे बाबासाहेबांनी पाहिले होते आणि भोगलेही होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये आपल्याच विदर्भात, भंडाऱ्यात, राखीव जागेवर खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. घटनेचा शिल्पकार हरला आणि काँग्रेसचा उमेदवार जिंकला. राखीव जागा आणि आपला प्रतिनिधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

म्हणून आरक्षण नको का? मुळीच नाही. आरक्षण नसते तर ती खुर्चीही दिसली नसती. आरक्षणावर टीका करणाऱ्यांच्या हाती कोलीत द्यायचे माझ्या मनात नाही. माझे म्हणणे उलट आहे. आरक्षण पूर्ण करा. खुर्चीबरोबर अधिकार द्या, मुदत द्या, पैसा द्या.

सभागृह नसलेली चार वर्षे

हा निव्वळ तात्त्विक वाद नाही. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा आणि महापालिकांची मुदत संपली. कलम २४३-यू म्हणते, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे घोळ, तारखा आणि तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. नगर परिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये, महापालिकांच्या जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. जवळपास चार वर्षे प्रशासकाचे राज्य. या काळात वस्तीतल्या माणसाने गटारासाठी, घरकुलासाठी, जागेच्या पट्ट्यासाठी कोणाकडे जायचे होते? साहेब मीटिंगमध्ये आहेत, एवढेच उत्तर.

आणि याच काळात, १ जुलै २०२४ ला, दीक्षाभूमीवर काय झाले ते आठवा. भूमिगत वाहनतळाच्या खोदकामामुळे स्तूपाला धोका होईल म्हणून हजारो लोक जमले, संतापाचा उद्रेक झाला आणि त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशी नागपूर शहराला महापौर नव्हता, उपमहापौर नव्हता, सभागृहच नव्हते. लोकांचा आक्षेप ऐकून घेण्याची, त्यावर चर्चा करण्याची निवडून आलेली जागाच शिल्लक नव्हती. ज्या शहराच्या उपमहापौराने १९५६ मध्ये बाबासाहेबांचा नागरी सत्कार घडवला, त्याच शहरात ६८ वर्षांनी बाबासाहेबांच्या लेकरांना आपले म्हणणे खोदलेल्या खड्ड्यात उतरून सांगावे लागले. सभागृह असते तर सगळे सुरळीत झाले असते असा भाबडा दावा मी करणार नाही. पण सभागृह नसले की रस्ता हाच एक पर्याय उरतो, आणि रस्त्यावर उतरले की गुन्हे आपल्याच पोरांवर दाखल होतात.

मग करायचे काय?

सरकारकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. महापौराची मुदत पाच वर्षे करा. बाराव्या अनुसूचीतले १८ विषय, त्यांची यंत्रणा आणि पैसा निवडून आलेल्या संस्थेकडे द्या. आयुक्त आणि मुख्याधिकारी सभागृहाला जबाबदार राहतील असा कायदा करा. अध्यक्षपदाचे आरक्षण एकाच ठिकाणी किमान दोन पूर्ण मुदती राहू द्या, म्हणजे काम करणाऱ्याला मतदारासमोर परत जाता येईल. आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली नाही तर जबाबदार कोण, हे ठरवा.

पण सगळा भार सरकारवर टाकून चालणार नाही. राखीव जागेवर निवडून आलेला आपला माणूस पक्षाचा होतो याचे एक कारण आपणही आहोत. निकालाच्या दिवशी गुलाल आणि नीळ उधळून आपण घरी जातो. पाच वर्षे त्याला एकही प्रश्न विचारत नाही. मागासवर्गीय कल्याणाचा राखीव निधी कुठे खर्च झाला, सफाई कामगारांपैकी किती कंत्राटी आहेत, त्यांना किमान वेतन मिळते का, दलित वस्तीच्या नावावरचा रस्ता प्रत्यक्षात कोणाच्या दारापर्यंत गेला, हे माहिती अधिकारात मागवता येते. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार या कामासाठी ठेवा. वंदना झाल्यावर नगर परिषदेचा अर्थसंकल्प वाचा. नगरसेवकाला तिथे बोलवा आणि हिशेब मागा. तो आला नाही तर तेही फळ्यावर लिहून ठेवा.

आणि जे निवडून आले आहेत, मग ते कोणत्याही पक्षाच्या चिन्हावर असोत, त्यांना एवढेच सांगणे आहे. दादा, ताई, तुमच्या खुर्चीत अधिकार कमी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. पण सदानंद फुलझेले यांच्या खुर्चीत तर त्याहून कमी होते. शहराच्या नावाने बोलण्याचा मान तुमच्याकडेही आहे. सफाई कामगार मॅनहोलमध्ये गेला तर शहराच्या नावाने बोला. वस्ती उठवायला बुलडोझर आला तर शहराच्या नावाने उभे राहा. ठराव फेटाळला गेला तरी मांडा, निदान कोणी हात वर केला आणि कोणी खाली ठेवला याची इतिवृत्तात नोंद होईल. ती नोंद उद्या चळवळीच्या कामी येईल.

जय भीम! जय संविधान!